व्यायामाचा नेम : धरणें आणि टिकवणें

‘आरंभशूर’ या शब्दांत मराठी माणसानें स्वतःच्याच एका खोडीला नांव देऊन ठेवलें आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं, वाढदिवशीं, किंवा डॉक्टरांनीं रक्ताच्या तपासणीचा कागद हातीं ठेवून चष्म्याच्या वरून पाहिलें त्या दिवशीं, घरोघर एक संकल्प सोडला जातो : उद्यांपासून व्यायाम. उद्यां उजाडतो, व्यायामही होतो. आठ दिवस मोठ्या उमेदीनें होतो. पंधराव्या दिवशीं पाहुणे येतात, विसाव्या दिवशीं सर्दी होते, आणि महिना भरण्यापूर्वीं चालण्यासाठीं घेतलेले बूट पलंगाखालीं विसांवा घेतात. घरांतील मंडळी हंसतात. संकल्प करणाराही त्यांच्याबरोबर हंसतो, परंतु मनांतून स्वतःला दुबळा समजतो.

हा समज बहुधा चुकीचा असतो. व्यायामाचा नेम मोडतो तो इच्छाशक्ति कमी पडल्यामुळें मोडतो, असें पुष्कळांना वाटतें. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मानसशास्त्रानें या प्रश्नाचा जो अभ्यास केला आहे, त्यावरून निराळेंच चित्र दिसतें. नेम टिकणारा मनुष्य आणि नेम मोडणारा मनुष्य यांच्यांतील फरक निश्चयाच्या बळापेक्षां नेम बसविण्याच्या पद्धतींत अधिक असतो. आणि पद्धति ही शिकतां येते, शिकवितांही येते.

प्रश्न क्षुल्लक नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें प्रौढ मनुष्यानें आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा; भरभर चालणें हें त्याचें सर्वांत सोपें उदाहरण होय. त्याखेरीज आठवड्यांतून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें २०२२ सालीं जगांतील प्रौढांपैकीं सुमारें ३१ टक्के लोक एवढीही हालचाल करीत नव्हते, आणि भारतांत तर हें प्रमाण जवळजवळ निम्मे होतें. स्त्रियांत तें पुरुषांहून अधिक आढळलें. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार ज्या घरांत शिरलेले आहेत त्या घरांना या आंकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

हें सर्व मोठ्या शहरांचें दुखणें आहे, अशी एक समजूत असते. ती तपासून पाहण्यासाठीं कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोकास, ताम्रपर्णीच्या कांठीं वसलेल्या चंदगडाकडे दृष्टि टाकावी. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं हा तालुका बेळगांव जिल्ह्यांत होता. एकीकडे बेळगांव, दुसरीकडे सह्याद्रीचे घाट आणि त्यांच्याखालीं कोंकण व गोवा. भाताचीं खाचरें, नाचणी, काजूच्या बागा. पारगड, कलानिधिगड, महिपालगड, गंधर्वगड हे किल्ले. आणि जूनपासून चार महिने कोसळणारा पाऊस. अशा मुलखांतल्या माणसाला व्यायाम करावयास सांगणें हें एके काळीं थट्टेचें वाटलें असतें. चिखलणी, रोपलावणी, डोक्यावरील भारा आणि बाजाराच्या गांवापर्यंतची पायपीट यांतच देहाचे सर्व श्रम होऊन जात.

कामांतून होणाऱ्या हालचालीचें हें मोल शास्त्रानेंही मोजलें आहे. लंडनमध्यें डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनीं दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास करून १९५३ सालीं तो प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां जिने चढउतार करून तिकिटें देणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. पगार, घरें, शहर एकच. पण एकाची नोकरी बैठी आणि दुसऱ्याची फिरती. आतां चंदगडांतही दारांत मोटारसायकल उभी असते. शेतावर जावयाचें तें तिच्यावरून; मुलें पुण्या-मुंबईस; आणि नोकरींतून निवृत्त झालेला मनुष्य खुर्चींत. श्रम गेले, आणि त्यांच्या जागीं व्यायाम नांवाची वस्तु मुद्दाम आणून बसविण्याची वेळ आली. जें काम म्हणून सहज होत असे, तें आतां नेम म्हणून पाळावें लागतें; अडचण येते ती येथेंच.

कल्पनेनें असे एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावे. चंदगडच्याच परिसरांत जन्मभर प्राथमिक शाळेंत शिकवून निवृत्त झालेले, सारा गांव ज्यांना गुरुजी म्हणतो असे. एप्रिल महिन्यांत रक्तांत साखर आढळली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. गुरुजींनीं शिस्तींत आयुष्य काढलेलें. दुसऱ्याच दिवशीं पहांटे उठून ते तासभर चालून आले. अर्ध्याच्या जागीं एक तास, म्हणजे दुप्पट गुण, हा त्यांचा हिशेब. पांचव्या दिवशीं गुडघा धरला. मे महिन्यांत नातवंडें आलीं, तेव्हां चार दिवस राहिलें. जूनमध्यें पाऊस लागला आणि रस्ता दिसेनासा झाला. पुण्याहून मुलगा दूरध्वनीवर विचारी, “अण्णा, चालतां ना?” तेव्हां गुरुजी हवेच्या गोष्टी काढीत. जुलै महिन्यांत कोणी सोबतीनें बोलावलें तर ते म्हणत, “आतां काय, एकदां मोडला नेम.”

या एका हकीकतींत नेम मोडण्याचीं बहुतेक कारणें आलीं आहेत. आरंभ झेपेल त्याहून मोठा होता. चालण्याची वेळ रोजच्या क्रमांत कशालाही बांधलेली नव्हती. पावसाचा विचार आधीं झाला नव्हता. सोबत नव्हती. लाभ डोळ्यांना दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त गुडघा. आणि शेवटचें, सर्वांत घातक कारण म्हणजे, एक खाडा पडला म्हणजे सर्व संपलें अशी मनाची समजूत.

आतां अशा माणसाला सावरणारा कोणी असेल, मग तो व्यायामशाळेचा शिक्षक असो, भौतिकोपचारतज्ज्ञ असो, आरोग्यसेविका असो किंवा घरांतील सून असो, त्यानें काय करावें? याचें पहिलें उत्तर पाठ्यपुस्तकांपेक्षां जुनें आहे, आणि तें कोल्हापूरच्याच मातींत सांपडतें.

शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळांत, कोल्हापूर हें कुस्तीचें माहेरघर झालें. १९१२ सालीं रोमच्या रंगमंडलाच्या धर्तीवर खासबागेचें मैदान बांधलें गेलें. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींतून पिढ्यान् पिढ्या मल्ल तयार झाले. या तालमींत मानसशास्त्राचें नांवही कोणी घेतलें नसेल. पण नेम टिकविण्याची व्यवस्था तेथें अशी कांहीं बसलेली होती कीं, आजच्या संशोधकानें ती पाहून मान डोलवावी.

तालमींत वेळ ठरलेली : पहांट. जागा ठरलेली : लाल मातीचा हौद. वेष ठरलेला : लंगोट. आरंभ ठरलेला : मारुतीला नमस्कार. या चार गोष्टी रोज त्याच क्रमानें घडूं लागल्या कीं ‘आज जावें कीं न जावें’ हा विचार करण्याची वेळच येत नाहीं. अंगाला माती लागते आणि जोर सुरू होतात. दुसरें, तेथें जोड असते. बरोबरीच्या गड्याला लढतीसाठीं दुसरा गडी हवा असतो. एक आला नाहीं तर दुसऱ्याची मेहनत खोळंबते. तिसरें, वस्ताद असतो. तो नवख्याला पहिल्या दिवशीं शंभर जोर सांगत नाहीं. अंग बघून आंकडा वाढवीत नेतो. चौथें, जत्रेंतील मैदान असतें. तेथें लहान पोरांच्या कुस्त्या मूठभर रेवड्यांवर लागतात आणि मोठ्या गड्यांच्या इनामावर. रेवड्यांपासून इनामापर्यंतची ही पायरी-पायरीची वाट मुलाला वर्षानुवर्षें हौदाशीं बांधून ठेवते.

तालमीची उणीवही सांगितली पाहिजे. तिनें धडधाकट तरुण पुरुषाला धरून ठेवलें. पन्नाशीच्या मधुमेह्याला, अंग सुटलेल्या कारकुनाला आणि घरांतील बाईला तिच्यांत जागा नव्हती. वस्तादाचा धाक हा ज्याला मल्ल व्हावयाचें आहे त्याला चालतो. ज्याला केवळ निरोगी राहावयाचें आहे तो धाकानें पळून जातो. या बाबतींत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांची दृष्टि अधिक व्यापक होती. त्यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार संस्थानांतील शाळांतून केला आणि स्त्री-पुरुष, मुलें-वृद्ध सर्वांसाठीं तो सांगितला. १९३८ सालीं या विषयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें निघालें. साधन नको, जागा हातभर पुरे, वेळ थोडा, आणि संख्या आपल्या शक्तीप्रमाणें वाढवितां येणारी. घरगुती नेमाला लागणारे सर्व गुण त्या व्यायामांत आहेत.

तालमीनें आणि औंधानें अनुभवानें जें साधलें त्याचीं सूत्रें आतां एकेक करून पाहतां येतील.

पहिलें सूत्र असें कीं, उपदेशापूर्वीं विचारणा हवी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनीं १९८३ सालीं दारूच्या व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्यांशीं बोलण्याची एक रीत मांडली. पुढें स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनीं ती विस्तारली. तिचें मर्म साधें आहे. माणसाच्या मनांत बदलाविषयीं दोन्ही बाजू एकाच वेळीं नांदत असतात : करावें असेंही वाटतें आणि नको असेंही वाटतें. समोरचा मनुष्य ‘करा’ ही बाजू जोरानें मांडूं लागला कीं ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘नको’ची बाजू बाहेर पडते, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलें युक्तिवादाचें बोलणें माणसाला अधिक खरें वाटूं लागतें. म्हणून “गुरुजी, चालला नाहींत तर पाय गमवाल,” असें म्हणण्याऐवजीं “गुरुजी, चालायला लागला होतात तेव्हां कोणतें बरें वाटत होतें?” असें विचारावें. गुरुजी म्हणतील, “झोंप शांत लागत होती, नदीवर जुने विद्यार्थी भेटत होते.” आतां कारण डॉक्टरांचें राहिलें नाहीं, गुरुजींचें झालें. दुसऱ्यानें लादलेल्या कारणापेक्षां स्वतःला पटलेलें कारण अधिक काळ टिकतें, हें एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांच्या दीर्घ अभ्यासाचेंही सार आहे.

विचारणेंत आणखी एक गोष्ट कळते : मनुष्य कोठें उभा आहे. कोणी अजून विचारही केलेला नसतो, कोणी विचारांत असतो, कोणी तयारींत, कोणी करूं लागलेला. ज्याचा विचारच झालेला नाहीं त्याच्या हातीं वेळापत्रक देणें व्यर्थ, आणि जो बूट घालून दारांत उभा आहे त्याला व्यायामाचे फायदे सांगत बसणें हा त्याच्या वेळेचा अपव्यय.

दुसरें सूत्र : आरंभ लहान, इतका लहान कीं करणाऱ्याला थोडें हसूं यावें. गुरुजींनीं पहिले आठ दिवस घरापासून देवळापर्यंत जाऊन परत यावें, बस. अल्बर्ट बांडुरा यांनीं १९७७ सालीं दाखवून दिलें कीं, ‘हें माझ्या हातून होईल’ हा विश्वास माणसाच्या पुढील कृतीवर फार मोठा परिणाम करतो, आणि तो विश्वास भाषणांनीं नव्हे तर स्वतः मिळविलेल्या लहान लहान यशांनीं वाढतो. मोठा आरंभ करून हरण्यापेक्षां लहान आरंभ करून रोज जिंकणें म्हणूनच श्रेयस्कर. येथें ‘दहा हजार पावलें’ या प्रसिद्ध आंकड्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ सालीं जपानांत पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस आलें. त्याच्या नांवाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचें मापक’ असा होता. आंकडा प्रयोगशाळेंतून नव्हे, बाजारांतून आला. २०१९ सालीं सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्या स्त्रियांचें मृत्युप्रमाण सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांहून पुष्कळ कमी दिसलें, आणि साडेसात हजारांच्या पुढें अधिक लाभ जवळजवळ दिसेनासा झाला. ज्याला दहा हजारांचा डोंगर पाहून बसून राहावेंसें वाटतें, त्याला ही माहिती धीर देणारी आहे.

तिसरें सूत्र : कधीं, कोठें, कशानंतर, हें आधींच ठरवावें. ‘जमेल तेव्हां चालेन’ हा संकल्प नव्हे; ती नुसती सदिच्छा. इंग्लंडांत २४८ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटाला कांहींच विशेष सांगितलें नाहीं. दुसऱ्याला व्यायामाच्या फायद्यांची प्रभावी माहिती दिली. तिसऱ्याला ती माहिती देऊन शिवाय पुढील आठवड्यांत कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या जागीं व्यायाम करणार हें एका वाक्यांत लिहावयास लावलें. पहिल्या दोन गटांत आठवड्यांतून निदान एकदां व्यायाम करणारे चाळीस टक्क्यांच्याही आंत राहिले. तिसऱ्यांत हें प्रमाण ९१ टक्क्यांवर गेलें. नुसत्या माहितीनें कांहीं हललें नाहीं. एका वाक्यानें हललें. सर्वांत उत्तम खुंटी म्हणजे आधींच पक्की असलेली एखादी संवय. सकाळचा चहा झाला कीं पायांत वहाण. रात्रीचें जेवण झालें कीं अंगणांत शंभर पावलें. नवी संवय जुन्या संवयीच्या पाठीवर बसली कीं तिला निराळें वाहन लागत नाहीं.

याच सूत्राची दुसरी बाजू म्हणजे अडचणीची आधींच तरतूद. चंदगडांत पाऊस येणार हें पंचांग न पाहतांही सांगतां येतें. मग जूनमध्यें चकित कां व्हावें? मे महिन्यांतच ठरवून ठेवावें : पाऊस कोसळत असेल तर बाहेर न जातां ओटीवर बारा सूर्यनमस्कार, किंवा गुडघा दुखत असेल तर खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठणें-बसणें. पाहुणे आले तर त्यांनाच घेऊन नदीपर्यंत जाणें. प्रवास असेल तर स्थानकावर गाडी येईपर्यंत फलाटावर फेऱ्या. ‘अमुक झालें तर तमुक करीन’ असें ज्याच्याजवळ तयार आहे, त्याचा नेम पावसानें वाहून जात नाहीं.

चौथें सूत्र सोबतीचें. जोडीची गोष्ट तालमीच्या वर्णनांत आलीच आहे. शहरांत बागेंतील फिरणाऱ्यांचीं मंडळें वर्षानुवर्षें चालतात तीं व्यायामाच्या प्रेमापेक्षां गप्पांच्या ओढीनें चालतात, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. व्यायाम सुखाचा झाला तर तो टिकतो. दम लागून बोलतां येईनासें होईल इतक्या वेगानें नवख्याला पळविणें म्हणजे त्याच्या मनांत व्यायामाची शिसारी उत्पन्न करणें होय. चालतां चालतां बोलतां यावें, पण गातां येऊं नये, ही मध्यम श्रमाची सोपी कसोटी आहे. एकट्यानें चालावयाचें असेल तर आवडीचें कीर्तन, गाणें किंवा श्राव्य कादंबरी फक्त त्याच वेळीं ऐकावी. मोहाची वस्तु कर्तव्याशीं जोडण्याचा हा प्रयोग अमेरिकेंत व्यायामशाळेच्या सभासदांवर करून पाहिला गेला आणि आरंभीं तो चांगला यशस्वी झाला. पुढें सुट्टीच्या काळांत खंड पडल्यावर त्याचा जोर ओसरला, हेंही तितकेंच लक्षांत ठेवावें.

पांचवें सूत्र नोंदीचें. भिंतीवरील दिनदर्शिकेवर चाललेल्या दिवसाभोंवतीं एक वर्तुळ काढावें. एवढ्यानें दोन कामें होतात : केलेलें डोळ्यांना दिसतें, आणि न केलेलें लपत नाहीं. नोंद करावयाची ती कृतीची, परिणामाची नव्हे. वजन आणि साखर यांचे आंकडे माणसाच्या हातांत पूर्णपणें नसतात. ते हळू उतरतात, मध्येंच चढतात, आणि रोज त्यांच्याकडे पाहणारा निराश होतो. पाऊल टाकणें मात्र संपूर्णपणें त्याच्या हातांत असतें.

सहावें सूत्र सर्वांत महत्त्वाचें आणि सर्वांत उपेक्षित : खाड्यानंतर परत येणें. व्यसनमुक्तीचा अभ्यास करणारे ॲलन मार्लाट यांनीं एक विचित्र गोष्ट पाहिली. दारू सोडलेला मनुष्य एक प्याला घेतो तेव्हां त्याचा घात त्या प्याल्यापेक्षां ‘मी आतां हरलोंच’ या विचारानें अधिक होतो. व्यायामांतही तेंच घडतें. गुरुजींचे चार दिवस गेले त्यानें कांहीं बिघडलें नव्हतें. ‘एकदां मोडला नेम’ या वाक्यानें बिघडलें. २०२१ सालीं अमेरिकेंत एकसष्ट हजारांहून अधिक व्यायामशाळा-सभासदांवर केलेला एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. चार-चार आठवड्यांच्या चोपन्न निरनिराळ्या युक्त्या त्यांत शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या गेल्या. सर्वांत चांगल्या ठरलेल्या युक्तींत एक क्षुल्लक बक्षीस होतें, आणि तें रोज येणाऱ्याला नव्हे, तर चुकलेला दिवस टाकून पुन्हां आलेल्याला. याच प्रयोगानें दुसराही धडा दिला : चार आठवडे संपल्यावर ज्यांचा परिणाम मोजतां येण्याजोगा उरला, अशा युक्त्या शंभरांत आठांच्या आसपासच होत्या. युक्त्या माणसाला दारापर्यंत आणतात; पुढें त्याला टिकवून धरावयास संवय लागते.

संवय जडण्यास किती दिवस लागतात? एकवीस दिवसांचा एक आंकडा लोकांत फिरत असतो. त्यावर विसंबूं नये. लंडन येथील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ९६ स्वयंसेवकांनीं रोजच्या एखाद्या ठराविक प्रसंगाला जोडून एक नवी कृति केली. ती विचार न करतां होऊं लागण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाच्या बाबतींत हिशेब २५४ दिवसांवर गेला. पाण्याचा पेला पिण्यासारखी सोपी कृति लौकर अंगवळणीं पडली, व्यायामाला अधिक वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानें संवय जडण्यांत म्हणण्यासारखी बाधा आली नाहीं. म्हणून मार्गदर्शकानें आरंभींच सांगून ठेवावें कीं, खाडा पडेल. तो पडणार हें धरून चालावें. एक दिवस चुकला तर चुको, लागोपाठ दोन चुकूं देऊं नयेत.

येथवर सांगितलेलें सर्व करणाऱ्यासाठीं झालें. पण घराचीही कांहीं जबाबदारी आहे. आपल्याकडे स्त्रियांचा व्यायाम कां टिकत नाहीं याचें कारण त्यांच्या मनांत शोधण्यापूर्वीं स्वयंपाकघरांत शोधावें. सकाळीं सहा ते नऊ हा काळ चहा, डबे आणि पाणी यांनीं भरलेला. संध्याकाळ पुन्हां चुलीपाशीं. “घरांत एवढें काम असतें, तोच व्यायाम,” असें म्हणून विषय संपविणें सोपें आहे. पण ओट्यापाशीं उभें राहून पाठ भरून येणें निराळें आणि अर्धा तास मोकळ्या हवेंत भरभर चालणें निराळें. ज्या घराला आईची किंवा सुनेची प्रकृति प्रिय आहे, त्या घरानें तिला उपदेशाऐवजीं अर्धा तास द्यावा : कुकर दुसऱ्या कोणीं लावावा, दूध दुसऱ्या कोणीं तापवावें. वेळ तिच्या मालकीची झाल्याशिवाय वरील सहाही सूत्रें कागदावरच राहतील.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. छातींत दुखणें, चक्कर येणें किंवा नेहमींपेक्षां फार दम लागणें या खुणा दिसल्या तर निश्चयाची परीक्षा न पाहतां थांबावें व डॉक्टरांकडे जावें. मधुमेह्यानें अनवाणी चालूं नये, पायांच्या तळव्यांवर रोज दृष्टि टाकावी, आणि इन्शुलिन किंवा साखर उतरविणारीं औषधें चालू असतील तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी व खिशांत थोडी साखर ठेवावी.

आतां गुरुजींकडे परत यावें. समजा, श्रावणांत उघडीप मिळाल्यावर शेजारची आरोग्यसेविका त्यांच्या ओटीवर आली. “चालणं कां सोडलंत?” असें तिनें विचारलें नाहीं. तिनें विचारलें, “गुरुजी, चहा किती वाजतां होतो?” साडेसहाला, हें कळल्यावर एवढेंच ठरलें कीं, चहाचा पेला खालीं ठेवला कीं देवळापर्यंत जावयाचें, पाऊस असेल तर ओटीवर बारा फेऱ्या घालावयाच्या, आणि चौकांतले पोस्टांतून निवृत्त झालेले सोबती त्याच वेळीं निघावयाचे. दिनदर्शिकेवर वर्तुळें काढण्याचें काम नातीकडे गेलें. अशा व्यवस्थेंत पराक्रम कांहींच नाहीं. गणपतीपर्यंत दोन-चार खाडे पडतील, दसऱ्यापर्यंत आणखी पडतील. पण वर्तुळांची ओळ चालू राहील, आणि एखाद्या दिवशीं पाऊस असूनही चहानंतर पाय आपोआप वहाणेकडे वळतील. नेम जडला तो त्या दिवशीं.

आरंभाला शौर्य लागतें हें खरें. परंतु नेमाला लागते ती व्यवस्था, सोबत आणि स्वतःला क्षमा करण्याची थोडीशी तयारी. या तीन गोष्टी ज्या घरांत आहेत त्या घरांतील माणसाला आरंभशूर म्हणून हंसण्याची वेळ सहसा येत नाहीं.